पहिलं 'नको'

परवा ऑलिंडा शेवटची खेळली. पोर्तुगालची गोलकीपर म्हणून इतकी वर्षं ज्या जाळीपुढे ती उभी राहिली, तिथून मॅच संपायला थोडा वेळ असताना कोचनं तिला बाहेर बोलावलं आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. ती हातमोजे काढत, रडत, हसत बाहेर आली. मी लेस्टरमधल्या माझ्या घरी सोफ्यावर बसून हे बघत होते, एका बाजूला नितीन, माझा नवरा, आणि दुसऱ्या बाजूला बाबा. बाबा आता फार थकले आहेत, पण त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या आणि नितीनच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "ही आपल्या वृंदाची मैत्रीण बरं का. आम्हीच म्हटलं होतं इथल्या त्या कोचला, हिला घ्या म्हणून." नितीननं हे लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकलं आहे की त्यानं फक्त मान हलवली. मी उठले आणि काहीतरी आणायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले. हे प्रकरण मी लिहिणार नव्हते. त्या 'आम्हीच'साठी लिहिते आहे.

मी चौथीपर्यंत नागपूरला शिकले, मग आम्ही इकडे आलो. बाबा इथल्या हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर होते. आमचं घर गुजराथी दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं आणि रविवारी त्या घराला दार नसल्यासारखंच असे. मराठी डॉक्टर मंडळी, त्यांच्या बायका, पुण्याहून नुकता आलेला एखादा बावरलेला पोरगा, सगळे आमच्याकडे जेवायला. आईच्या हाताला चव होती आणि ती तिला पक्की ठाऊक होती. वडाभात, कढी, गोळाभात आणि सणावाराला श्रीखंड-पुरी. गुजराथी दुकानातलं दही ती जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून सिंकच्या नळाला टांगायची, रात्रभर ते ठिबकायचं, आणि सकाळी तोंड धुवायला गेलं की बाथरूमपर्यंत त्याचा आंबूस वास यायचा. पण जेवणापेक्षा मोठा असायचा तो आग्रह. पाहुण्यानं "नको वहिनी, पुरे" म्हटलं की तो त्याचा शिष्टाचार, आणि तरीही वाढायचं हा आईचा. दुसऱ्यांदा "अहो, खरंच नको" म्हटलं तरी वाढायचं, थोडं कमी. पाहुणा ताटावर दोन्ही हात आडवे धरून ओणवा झाला तरच ते खरं 'नको'. पहिल्या 'नको'ला जो वाढायचा थांबला तो कंजूष, आणि पहिल्याच विचारण्याला जो 'हो' म्हणाला तो अधाशी. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. हे आम्हाला मीठ खारट असतं तसं माहीत होतं.

हा देश मात्र पहिल्या 'नको'लाच थांबतो, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. शाळेतल्या एका मुलीकडे खेळायला गेले होते. तिच्या आईनं चॉकलेटची बिस्किटं पुढे केली. मी वळण लागलेल्या मुलीसारखी "नो, थँक यू" म्हणाले आणि दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसले. त्या बाईनं बिस्किटं उचलून कपाटात ठेवून दिली. मी घरी येऊन पोळीचा रोल खात हे सांगितलं तेव्हा बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते. "अगं, या लोकांना आग्रहच करता येत नाही. आपण नाही म्हटलं की यांच्या मते विषय संपला." हे त्यांचे शब्द आहेत. मी ते मुद्दाम इथे लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याला 'बाबांना इथली रीत ठाऊक नव्हती' असं म्हणायची सोय मला कुणी देऊ नये.

गोलकीपर मी झाले ती उंचीमुळे. शाळेच्या मुलींच्या टीममध्ये कुणालाच जाळीपुढे उभं राहायचं नव्हतं, थंडीत हात गोठायचे आणि हरलो की सगळे तुमच्याकडे बघायचे. मला ते आवडलं. का आवडलं ते मी आईला कधी समजावू शकले नाही. ती म्हणायची, "बाकीच्या पळतात, तू नुसती उभी. मग घरीच उभी राहा की पोळ्या लाटायला." पण सगळं मैदान माझ्यासमोर उघडं पडलेलं असायचं, आणि कोण कुठे पास देणार ते मला पास देणाऱ्याच्या आधी कळायचं. शाळेतून मी कौन्सिलच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलींच्या क्लबात गेले. तिथे मिस्टर डॉसन कोच होते, निवृत्त बसड्रायव्हर, तोंडानं तिखट, पावसात छत्री न घेणारे. आणि तिथेच ऑलिंडा होती.

आम्ही दोघी गोलकीपर, म्हणून अर्धी मॅच ती आणि अर्धी मी. ऑलिंडा आईबरोबर उत्तर पोर्तुगालमधल्या एका गावातून आली होती. तिची आई सँडविचच्या फॅक्टरीत काम करायची आणि जे मनात येई ते मोठ्यानं बोलायची. त्यांच्याकडे खारवलेल्या माशाचा असा वास असे की पहिल्या दिवशी मी श्वास रोखून बसले होते. पण तिची आई पुढ्यात बशी आपटून विचारायची, "खाणार? हो की नाही?" मी "नो" म्हटलं की बशी गेली. तिसऱ्या-चौथ्या वेळी मी "येस" म्हणायला शिकले, आणि त्या बटाट्याच्या हिरव्या सूपची चव मला अजून आठवते. ऑलिंडा उड्या माझ्यापेक्षा छान मारायची. पण गोलकीपर म्हणून मी तिच्याहून चांगली होते. हे लिहिताना मी इकडेतिकडे बघत नाही. डॉसन स्वतः म्हणायचे, "ऑलिंडाकडे उडी आहे, व्रिंडाला खेळ वाचता येतो. उडी शिकवता येते." ऑलिंडालाही ते मान्य होतं. सराव संपल्यावर ती मला विचारायची, "तुला कसं कळतं गं बॉल कुठे येणार ते?" आणि मला खरंच सांगता यायचं नाही.

मग शेजारच्या शहरातल्या एका मोठ्या क्लबनं मुलींची अकॅडमी काढली. तिथे घेतलं तर आठवड्यातून चार दिवस खरा सराव, खरे कोच, आणि पुढे देशाची टीम निवडणाऱ्यांच्या नजरेत राहणं. गोलकीपरची जागा एकच होती. आमच्या क्लबातून एक नाव द्या, असं त्यांनी डॉसनना सांगितलं होतं. एका सरावानंतर डॉसन मला म्हणाले, "रविवारी घरी येतो, तुझ्या वडिलांशी बोलायचंय. नाव तुझं द्यायचंय, पण त्यांनी हो म्हणायला हवं." मी घरी पळतच आले. आईनं दुपारची वेळ ऐकली आणि लगेच दही टांगलं. दुपारी येणारा माणूस जेवल्याशिवाय कसा जाईल?

डॉसन टाय लावून आले होते. मी त्यांना टायमध्ये कधी पाहिलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात आईला पुऱ्या लाटून देत होते आणि दार उघडं ठेवलं होतं. मोठ्यांच्या बोलण्यात मधे पडायचं नाही ही आमच्या घरची शिस्त, पण ऐकायला कोण अडवतं? डॉसननी भाजी पाण्याच्या घोटाबरोबर खाल्ली, कढीचं कौतुक केलं आणि मग सरळ मुद्द्यावर आले. "डॉक्टर, तुमची मुलगी मी पाहिलेल्या कीपर्समध्ये सगळ्यात चांगली आहे. अकॅडमीत एक जागा आहे. ती तिला मिळावी असं मला वाटतं. तुमची हरकत नसेल तर."

पुरी तळणारी आई थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे चमकले. बाहेर बाबा खुर्चीत सरसावून बसले. त्यांची ती मान एका बाजूला झुकवायची लकब मला दिसत होती, कुणी कौतुक केलं की ती हमखास झुकायची. "नो, नो, मिस्टर डॉसन," ते हसत म्हणाले, "दॅट इज टू काइंड ऑफ यू. आमच्या मुलीत काय एवढं! तिचा अभ्यास आहे, जीसीएसईच्या परीक्षा आहेत. तुमच्याकडे ती दुसरी मुलगी आहे ना, पोर्तुगीज, ती फार छान खेळते म्हणे. तुम्ही तिला घ्या. प्लीज."

मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? आनंद. बाबांना एखादी गोष्ट खरंच करायची नसली की ते 'बघू' म्हणायचे, तोंड आक्रसून, आणि तो विषय तिथेच मरायचा. इतक्या गोड आवाजातला, हसत हसत दिलेला नकार म्हणजे होकारच होता. डॉसन आता म्हणतील, अहो असं कसं, मला तुमचीच मुलगी हवी. बाबा पुन्हा थोडं नाही म्हणतील, मग "आता तुम्ही इतकं म्हणताच आहात तर" म्हणतील, आणि मी श्रीखंडाचं भांडं घेऊन बाहेर जाईन. मी तर पिठाचे हात धुवायलाही लागले होते.

डॉसननी ताटाकडे पाहिलं. हातातला नॅपकिन घडी करून ठेवला. "राइट," ते म्हणाले. "फेअर इनफ. तुमचा निर्णय, मी त्याचा मान राखतो."

बाबा हसतच राहिले. ते थांबले होते. मी थांबले होते, आई झारा हातात धरून थांबली होती. डॉसन पाणी प्यायले. मग ते खिडकीतून दिसणाऱ्या आमच्या बागेबद्दल काहीतरी बोलले, टोमॅटो लावता का वगैरे, आणि बाबा म्हणाले, हो, लावतो की. आईला अजून काही उमगलेलं नव्हतं, किंवा उमगलं होतं आणि तिला दुसरं काही सुचत नव्हतं, ती श्रीखंड घेऊन बाहेर गेली. "नो, ऑनेस्टली, पोट फुटेल आता," डॉसन म्हणाले. आईनं वाटी भरली. "नो, रिअली, मिसेस—" वर आणखी एक चमचा पडला. बिचाऱ्यानं घाम पुसत सगळं संपवलं. त्या दुपारी आमच्या घरात श्रीखंडासाठी हवा तेवढा आग्रह झाला. माझ्यासाठी कुणी केला नाही.

दार लागल्यावर बाबा म्हणाले, "येईल परत. विचार करेल आणि फोन करेल. इतक्या सहज सोडायचा नाही तो." मी फोनजवळ अभ्यासाला बसायला लागले. हॉस्पिटलमधून फोन यायचे, मुंबईहून मावशीचा आला, डबल ग्लेझिंगच्या खिडक्या विकणाऱ्याचा आला. मंगळवारी सरावाला गेले तर ऑलिंडा गेटपाशीच उभी होती. तिनं मला मिठी मारली आणि रडायलाच लागली. "मला घेतलं गं! मिस्टर डॉसन घरी आले होते. ममनं त्यांचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही, आधीच येस म्हणाली!" मी तिला काँग्रॅच्युलेशन्स म्हटलं. मग मैदानात गेले आणि डॉसनना गाठलं. मला जायचं होतं, मी म्हणाले, माझ्या बाबांना खरं तर हो म्हणायचं होतं. आम्हा सगळ्या मुलींना ते 'लव्ह' म्हणायचे. "लव्ह, तुझे वडील अगदी स्पष्ट बोलले. मला वाटलं तुमच्याकडे मुलींचं... मी जास्त ताणलं असतं तर उद्धटपणा झाला असता. तुझ्या वडिलांनी आजच्या आज फोन केला तर मी तिकडे बोलतो. उद्या उशीर झालेला असेल."

आता मला जे आयुष्यभर खुपलं आहे ते सांगते. ते त्या रविवारचं 'नको' नव्हे. ते मी समजू शकते, सवयीनं तोंडातून निघून गेलं. मी त्या मंगळवारी संध्याकाळी घरी आले, चिखलाच्या बुटांसकट दिवाणखान्यात गेले आणि बाबांना म्हटलं, "फोन करा. आत्ता. अजून होईल." बाबा पेपर वाचत होते. त्यांनी तो खाली घेतला.

"आपण कसं विचारायचं? एकदा नको म्हणून बसलोय ना."

"तुम्ही खोटं नको म्हणालात!"

"हळू बोल. काय वाटेल त्या माणसाला? आधी नाही म्हणतात आणि मग मागे धावतात. भीक मागायची का आपण?"

आई आतून आली. "अहो, करा ना फोन. त्यात काय एवढं? ती इंग्रज माणसं, त्यांना असलं काही वाटत नाही."

"मला वाटतं," बाबा म्हणाले. "आणि त्या मुलीला सांगून झालंय. आता तिच्या तोंडचा घास काढायचा?"

"मग मी करते फोन," मी म्हटलं.

"तू करशील तर माझी लाज काढशील," ते म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर घेतला. त्या पेपरामागे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. फोन सोफ्याशेजारच्या टेबलावर होता, त्यांनी हात नुसता लांबवला असता तर पोचला असता. आई माझे बूट काढायला खाली बसली. मी तिला पाय देऊन उभी राहिले आणि हुंदके देत रडले. जेवायला वडाभात होता, आणि आईनं मला एकदाही आग्रह केला नाही.

मोठी झाल्यावर मला कळलं की बाबा नोकरीभर याच स्वभावापायी मागे पडले. कन्सल्टंटची वरची जागा निघाली की ते अर्ज करायचे नाहीत, कुणीतरी येऊन 'डॉक्टर, तुम्हीच हवे' म्हणेल म्हणून थांबायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं त्यांच्या वर जाऊन बसली. मला त्यांची कीव यायला हवी. कधीकधी येतेही. पण त्यांचं ते त्यांनी गमावलं. माझं त्यांनी का गमवावं?

ऑलिंडाचं पुढचं सगळं मी लांबून पाहिलं. अकॅडमी, मग इथल्या एका क्लबच्या बाकावर बसून काढलेली वर्षं, मग पोर्तुगालमधला एक छोटा क्लब, जिथे ती सकाळी बेकरीत काम करून दुपारी सरावाला जायची. देशाच्या टीममध्ये निवड झाली तरी बराच काळ दुसऱ्या नंबरची कीपर. खांद्याचं ऑपरेशन. मग एक मोठी स्पर्धा आणि त्यातली ती पेनल्टी, जी तिनं डावीकडे झेपावून अडवली आणि जी आमच्या ऑफिसात लोकांनी फोनवर परत परत पाहिली. मी अकाउंटंट आहे. मीही पाहिली. नेम धरणाऱ्या मुलीचा खांदा आधीच वळला होता, मला ते ऑलिंडाच्या आधी दिसलं. तिचं करिअर तिचंच आहे, बेकरी, ऑपरेशन, सगळं तिनं सोसलं, त्यातलं काही मी मागत नाही. फक्त ती सुरुवातीची एक जागा माझी होती.

ती एकदा लेस्टरला आली होती, तिच्या आईला भेटायला. आम्ही कॉफी प्यायलो. ती म्हणाली, "तुला नकोच होतं ना तेव्हा? डॉसन म्हणाले होते, तुझ्या डॅडनी सांगितलं, तिला अभ्यास करायचाय. मला फार वाटायचं, ही इतकी चांगली आणि हिला हे नकोच." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिनं आयुष्यभर असाच समज करून घेतला होता की मी ते तिच्यासाठी सोडलं. घरोघरी बाबाही हेच सांगत फिरले, फक्त त्यात मी नव्हते. आम्ही त्या गरीब मुलीला दिलं. आम्हीच म्हटलं, हिला घ्या. जे त्यांच्या हातून निसटलं त्याचं त्यांनी दान केलं. ऐकणारे वाहवा म्हणायचे. आई मात्र ते सुरू झालं की उठून आत जायची. ती जाऊन आता काही वर्षं झाली, त्यामुळे हल्ली उठून मी जाते.

तर परवा मी स्वयंपाकघरात गेले ते श्रीखंड घेऊन बाहेर आले. आईच्याच पद्धतीचं, मीच केलेलं, बाबांचं फार आवडतं. टीव्हीवर ऑलिंडा मैदानाला चक्कर मारत होती आणि लोक तिच्या नावानं ओरडत होते. मी नितीनला वाढलं. मग बाबांपुढे भांडं धरलं.

"बाबा, श्रीखंड?"

"नको गं," ते मान झुकवून हसत म्हणाले. "पोट भरलंय." वाटी त्यांनी अंगठ्यानं थोडी पुढे सरकवली होती.

"बरं," मी म्हटलं.

नितीननं माझ्याकडे पाहिलं. मी भांड्याला झाकण लावलं, आत गेले आणि ते फ्रिजमध्ये ठेवून दिलं. मला वाटलं होतं आपल्याला वाईट वाटेल. नाही वाटलं. परत आले तेव्हा बाबा टीव्हीकडे बघत नव्हते. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते आणि चमचा अजून त्यांच्या हातात होता.